पहिलं फूल रानाचं

गोदाकाकू रस्त्यानं चालताना कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. नजर सारखी जमिनीवर. त्यामुळे बाई फार शालीन आहेत, असा साऱ्या कर्जतचा समज होता. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा सासूबाईंनीही मला हेच सांगितलं, "शेजारच्या गोदाताई बघ. अशी मान खाली घालून चालावं." मी मुकाट्यानं मान खाली घातली. पुढे श्रावणात त्यांच्याबरोबर रानात गेले तेव्हा कळलं, शालीनतेचा इथे काही संबंध नाही. बाई फुलं बघत चालतात.

गोष्ट मागच्या शतकातली. घाटातून आगगाडी जाऊ लागून बरीच वर्षं झाली होती आणि तिचं कौतुक ओसरलं होतं. काकूंचे यजमान, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू, मामलेदार कचेरीत कारकून होते. मुली सासरी गेलेल्या. घरात दोघंच. तात्यांचं जग म्हणजे घर ते कचेरी आणि कचेरी ते घर. डोंगर हा पुण्याला जाताना डब्याच्या खिडकीतून बघायचा असतो, असं त्यांचं मत होतं आणि तेवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

काकूंचं सगळं उलट. सकाळचा स्वयंपाक झाकून ठेवला की त्यांचे पाय शिवशिवायला लागत. त्या काळी घरंदाज बाईनं उगीच रानात जाणं म्हणजे गावाच्या जिभेला काम देणं. काकूंना कारण मात्र कधी कमी पडलं नाही. पहिल्या पावसात शेवळांची भाजी, श्रावणात मंगळागौरीची पत्री, भाद्रपदात हरतालिकेची आणि गणपतीची पत्री, त्यानंतर कुणाच्या खोकल्याला पाला. पाला मूठभर आणायचा आणि दिवसभर हिंडायचं. पळसदरीकडची चांगुणा नावाची कुणब्याची बाई भाजी विकायला कर्जतला येई. टोपली रिकामी झाली की काकू तिच्या सोबतीनं डोंगराच्या पायथ्याशी जात आणि दिवेलागणीच्या आत परत येत. पावसात चांगुणेचंच इरलं पाठीवर घेत. कारकुनाची बायको शेतकरणीसारखं पानांचं इरलं घेऊन चालली आहे हे बघायला बायका दारात येत. काकूंना ते दिसत नसे, कारण त्यांची मान खाली.

लग्नानंतर हा नाद बघून तात्या म्हणाले होते म्हणे, "चालू दे. तेरड्याचा रंग तीन दिवस." पुढे मुली झाल्या, त्या मोठ्या झाल्या, नांदायला गेल्या, तरी रंग काही उतरला नाही. तात्या मात्र ती म्हण दर श्रावणात म्हणत. दुसरं फूल त्यांना माहीतच नव्हतं.

मला काकूंनी सासूबाईंकडून मागून घेतलं. "सरूला पिशवी धरायला नेते," म्हणाल्या. पिशवीत भाकरी, लसणीची चटणी आणि एक कांदा असे. एवढं ओझं त्या सहज उचलू शकल्या असत्या. पण सासरी नवीन आलेल्या मुलीला दिवसभर मोकळी हवा मिळावी, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यासाठी मी त्यांना आजही दुवा देते.

रानात त्यांचा एकच नियम होता. पहिलं दिसेल ते सोडायचं. पत्रीचं एखादं झाड दिसलं की काकू त्याच्यापुढे वाकत, हात जोडत आणि पुढे जात. "पहिलं रानाचं. दुसरं आपलं." दुसरं सापडलं तर त्याची दोन पानं खुडायची, तीही शेंडा राखून. दुसरं सापडलंच नाही तर घरी जायचं. फुलाला तर त्या हातच लावत नसत. "घरी नेऊन काय करायचं? वाटेतच मान टाकतं बिचारं. त्यापेक्षा आपण यावं."

या नियमापायी एकदा पंचाईत झाली. मामलेदारांच्या घरी सुनेची मंगळागौर होती. सोळा प्रकारची पत्री काकूंनी आणायची ठरलं. आम्ही रान पालथं घातलं. विष्णुक्रांतेचं एकच रोप दिसलं, निळं एवढंसं फूल आलेलं. काकू त्याच्यापाशी बराच वेळ बसल्या. मला वाटलं, मामलेदारांसाठी तरी मोडतील नियम. त्या उठल्या आणि पंधरा पत्री घेऊन मामलेदारीणबाईंच्या पुढे उभ्या राहिल्या.

"सोळावी कुठे?" मामलेदारीणबाईंनी विचारलं.

"रानात आहे. छान आहे. तुम्ही इथूनच नमस्कार करा, तिला पोचेल."

मामलेदारीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पूजा अर्थात पार पडली, सोळाव्या पत्रीच्या जागी अक्षता वाहून. तात्यांना मात्र आठ दिवस कचेरीत मान वर करवेना. नवराबायको दोघंही मान खाली घालून हिंडू लागली तेव्हा मला फार हसू आलं.

फुलांची नावं त्यांना चांगुणेकडून कळत. कळलावी, रानहळद, आभाळी, ओल्या कातळावर उगवणारी सीतेची आसवं. पण चांगुणेलाही सगळीच ठाऊक नव्हती. जे खायला येत नाही, गुरांना चालत नाही आणि दुखण्यावर लागत नाही, त्याला ती सरळ "गवात हाय ते" म्हणे. काकूंना ते पटत नसे. मग त्या स्वतः नाव ठेवत, तेही गावातल्या माणसांचं. एका पांढऱ्या झालरीच्या फुलाचं नाव भटजी. मान वाकडी करून उभं राहणारं एक जांभळं फूल होतं, ते मामलेदारीणबाई. माझ्या सासूबाईंचंही एक होतं, पण ते काटेरी असल्यानं मी घरी बोलले नाही.

आणि एक लहानसं पिवळं फूल होतं. सकाळी इतर फुलं उमलून बराच वेळ झाला की हे आरामात उघडायचं आणि दिवस कलला की घाईनं मिटायचं. त्याचा सगळा बेत कचेरीच्या वेळेवर चालायचा. ते दिसलं की काकू हळूच म्हणत, "ते बघ, 'हे' आले." नवऱ्याचं नाव बायकांनी घ्यायचं नाही, त्यामुळे फुलाचंही नाव 'हे' एवढंच राहिलं. चांगुणा यावर इतकी हसे की तिला बसावं लागे.

डोंगराचा बराचसा भाग सरकारनं राखीव केला होता. एकदा जंगलाच्या शिपायानं आम्हांला अडवलं. पाला, लाकूड, काही न्यायचं नाही म्हणाला. काकूंनी पिशवी पुढे केली. "घे झडती. आम्ही न्यायचं ते डोळ्यांनी नेतो. तेवढं तुझ्या सरकारला काढून घेता येत असेल तर घे." शिपायानं पिशवी उघडली, भाकरी बघितली, कांदा बघितला, आणि ओशाळला. पुढे पुढे तोच वाटेत थांबून सांगायला लागला, "काकू, तिकडच्या घळीत तांबडं कायतरी आलंय. काय हाय ते जरा बघा." काकू निम्मी भाकरी त्याला देत.

अशी ही बाई एके वर्षी रानात जायची थांबली. त्याच वर्षाबद्दल मला सांगायचं आहे.

चैत्रात तात्यांना ताप आला. मुदतीचा ताप. उतरेना. वैद्यांची मात्रा झाली, काढे झाले. एके दुपारी वैद्य हात पुसत बाहेर आले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. आम्ही सगळे मनातून समजलो. काकू नुसत्या परसात जाऊन आल्या आणि पुन्हा उशाशी बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यानंतर दोन दिवसांनी ताप उतरायला लागला. वैशाखात तात्या पेज जेवले, आणि मृगाच्या सुमाराला काठी टेकत कचेरीतही गेले. मी देवापुढे साखर ठेवली. आता पाऊस पडला की काकूंबरोबर रानात जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाऊस पडला. चांगुणा शेवळं घेऊन आली. काकूंनी ती विकत घेतली.

मला आधी वाटलं, तात्यांना एकटं सोडवत नसेल. पण तात्या तर हिंडूफिरू लागले. श्रावण आला तरी काकू घरातच. "गुडघे दुखतात," म्हणाल्या. हे खोटं होतं. बायका त्यांच्याशिवाय पत्रीला गेल्या आणि आग्याची पानं खुडून आल्या, ज्यांना हात लागला की चरचर आग होते. त्या मंगळागौरीला साऱ्या सवाष्णी हाताला लोणी चोळत बसल्या होत्या. एरवी काकूंना हसून हसून ठसका लागला असता. त्या नुसत्या "अरेरे" म्हणाल्या. मला त्या वेळी त्यांची खरी काळजी वाटली.

त्यातच ते वर्ष कारवीचं निघालं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलली की डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. काकू मला किती वर्षं सांगत होत्या, "कारवी येऊ दे, मग तुला दाखवते." आमच्या परसातून तो रंग दिसत होता. काकूंनी तांदूळ निवडायची जागा परसातून उचलून पुढच्या ओटीवर आणली. तिथून फक्त रस्ता दिसे. पण त्या रस्त्याकडेही बघत नसत.

शेवटी चांगुणेला राहवलं नाही. गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन आली आणि ओटीवर तात्यांच्या आणि माझ्या समोरच बसली.

"तात्या, एक सांगू? काकू माझ्यावर रागवतील. रागवू देत. तुमी तापात व्हतात तवा काकूंनी परसात हुबं राहून आईच्या राईकडं हात जोडले. मी तितंच व्हते. म्हनल्या, ह्यांना उठव, मी पुन्यांदा रानात पाय टाकनार नाय."

पळसदरीच्या वरच्या अंगाला देवीची राई होती. दाट झाडी, तिच्या कडेला उघड्यावर शेंदूर माखलेली शिळा. त्या राईतली काडीही कुणी आणत नसे. काकूंचा जीव तिथे सगळ्यांत जास्त रमे. नवस करताना लोक आवडती भाजी सोडतात, गोड सोडतात. काकूंनी जे सगळ्यांत आवडतं ते सोडलं होतं.

तात्या काठी टेकत उठले. मग त्यांनी आत हाक मारली. "अगं, हे खरं का?"

काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा चांगुणेकडे बघितलं.

"ताप मला आला आणि पथ्य जन्मभर तुला? हा कुठला न्याय?"

"देवीनं तिचं काम केलं. मी माझा शब्द पाळते," काकू म्हणाल्या. "त्यात वाईट काय आहे? तुम्ही आहात ना समोर."

 तात्या जातिवंत कारकून. हुकूम झाला की वर दाद मागायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. राईतल्या गुरवाला निरोप गेला. गुरवानं सांगितलं, नवस देवीला सांगितलाय, सोडवायचा तर देवीलाच विचारा. कौल लावू. ज्याच्यासाठी नवस केला त्यानंच स्वतःच्या हातानं फूल आणायचं, राईच्या बाहेरचं, देवाला वाहावं तसं.

काकूंना हे मान्य व्हायला वेळ लागला. "कौल डावा आला तर पुन्हा विषय काढायचा नाही," एवढं त्यांनी तात्यांकडून कबूल करून घेतलं. तात्या हो म्हणाले, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता.

आम्ही सकाळीच निघालो. काकू रानात पाऊल टाकायला तयार नव्हत्या, म्हणून भातखाचराच्या शेवटच्या बांधावर बसल्या. मला त्यांच्याजवळ बसवलं. तिथून देवीची शिळा हाकेच्या अंतरावर होती. काकूंनी तिकडे पाठ केली आणि डोळे मिटून घेतले. तात्या चांगुणेबरोबर चढणीला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते पहिल्यांदा त्या डोंगरावर पाय ठेवत होते, तोही दुखण्यातून उठलेला पाय.

बऱ्याच वेळानं ते कारवीचा जांभळा तुरा घेऊन उतरले. चांगुणा आमच्याकडे येऊन हसत सांगून गेली, "तात्या तितं नुसते हुबेच. डोंगार भरून फुलं, आनि मला इचारतात, यातलं पयलं कंचं गं?"

मिटल्या डोळ्यांनीच काकूंचे ओठ हलले.

मी शिळेपाशी जाऊन उभी राहिले. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. तुऱ्यातल्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला लावल्या. उजवी आधी पडली तर देवी सोडते, डावी पडली तर नाही. आम्ही वाट बघत राहिलो. ऊन वर आलं. कळ्या हलेनात. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तात्यांचं उपरणं घामानं भिजलं. गुरव कुजबुजला, "आई बोलत नाय. रुसली जनू."  मी धावत काकूंकडे गेले.

"काकू, कळ्या पडतच नाहीत. दोन्ही नाही."

"कसल्या कळ्या?"

"कारवीच्या. तुऱ्यातल्या."

काकूंनी डोळे उघडले. आणि त्या हसल्या. चैत्रापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. "अगं, तो तुरा चिकट असतो, गुळासारखा. उद्यापर्यंत पडायचा नाही. देवीला कशाला बोल लावता?"

"मग कुठलं आणायला सांगू?"

त्या एकदम गंभीर झाल्या. "ते मी नाही सांगायची. मी सांगितलं तर तो माझा कौल होईल, देवीचा नाही. चिकट नको, एवढंच जाऊन सांग. पुढे त्यांचं त्यांना सुचू दे."

मी निरोप सांगितला. तात्या हताश होऊन इकडेतिकडे बघायला लागले. चांगुणा बोलणार होती, गुरवानं तिला डोळ्यांनी दटावलं. मग तात्यांचा चेहरा उजळला. "एक फूल मला ओळखता येतं," ते म्हणाले. "जन्मभर त्याचंच नाव घेऊन तिला चिडवत आलो."

बांधाच्या कडेला तेरडा माजला होता. तात्या पहिल्या झाडापुढे वाकले, हात जोडले आणि पुढे गेले. दुसऱ्या झाडाची दोन फुलं त्यांनी खुडली. गुरव खूश झाला. आमच्याकडे गौर म्हणून तेरडाच बसवतात, तेव्हा आईला आईचंच फूल मिळालं, म्हणाला. त्यानं पाकळ्या लावल्या. मी शिळेपाशीच उभी होते. डावी पाकळी किंचित सरकली. ती तिथेच थांबली. उजवी अलगद सुटली आणि शिळेच्या पायाशी पडली.

तात्या मटकन खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. मीही रडले. उरावरचा धोंडा उतरला म्हणतात तसं मला झालं.

काकू मात्र लगेच येईनात. "डावी अजून वर आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"आहे."

"ह्यांनी पहिलं झाड सोडलं होतं?"

"सोडलं. मी बघितलं."

तेव्हा त्या उठल्या. तात्या बांधापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. त्या काळी चारचौघांत नवऱ्यानं बायकोला हात देणं म्हणजे फारच झालं. गुरवानं तोंड फिरवलं. काकूंनी तो हात धरला, बांध चढून रानात पाऊल टाकलं, देवीपुढे डोकं ठेवलं, आणि उठल्याबरोबर त्यांची मान सवयीनं खाली गेली.

त्या दिवशी आम्ही उन्हं उतरेपर्यंत कारवीत हिंडलो. तात्या मागून काठी टेकत येत होते आणि दर चार पावलांवर विचारत होते, हे काय, ते काय. काकू सांगत होत्या. त्यांनी भटजी दाखवले, मामलेदारीणबाई दाखवल्या. तात्यांनी चक्क फुलापुढे कचेरीतला मुजरा केला. मग वाटेच्या कडेला ते लहान पिवळं फूल आलं, मिटायच्या बेतात.

"आणि हे?" तात्यांनी विचारलं.

काकू पदर सारखा करायला लागल्या. तात्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा चांगुणाच म्हणाली, "तुमीच हाय ते, तात्या. कचेरी सुटली, म्हनून मिटतंय."

तात्या त्याच्यापुढे बसले. फूल पूर्ण मिटेपर्यंत ते उठले नाहीत, आणि काकूंनीही त्यांना उठवलं नाही.

पुढे माझ्या यजमानांची पुण्याला बदली झाली. गाडी कर्जतहून सुटली आणि पळसदरीकडे चढणीला हळू चालायला लागली. मी खिडकीशी बसले होते. डोंगराच्या उतारावर दोन माणसं दिसली. एक खाली वाकलेलं, दुसरं त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभं. तात्यांनी गाडी बघितली आणि वाकून काकूंच्या खांद्याला हात लावला. मी पदर हलवला. काकूंनी वर बघितलं नाही. नुसता एक हात उंच करून त्यांनी पायाशी असलेलं काहीतरी मला दाखवलं. इतक्या लांबून मला काय दिसणार. तरी मी मान वाकवून बघत राहिले.